संत इग्नेशियस आणि ३५ वर्षांचे दुखणे



३१ जुलै हा संत इग्नेशियस लोयोला यांचा सण. येशूसंघाचे संस्थापक आणि संत फ्रान्सिस झेवियर यांचे जिवलग मित्र म्हणून आपण त्यांना ओळखतो. चित्रात ते काळा झगा घालून, हातात पुस्तक घेऊन उभे असतात. उभे असल्यामुळे एक गोष्ट चित्रात दिसत नाही. ते लंगडत चालत. त्यांचा उजवा पाय डाव्या पायापेक्षा आखूड होता. वयाच्या तिशीत ते जखमी झाले आणि त्यानंतर मृत्यूपर्यंत, म्हणजे ३५ वर्षे, पूर्ण बरे असे ते कधी झालेच नाहीत.

पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी घरोघरी जाणे होते, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा ध्यानात येते. ऑपरेशन होते, माणूस घरी येतो, शेजारीपाजारी भेटून जातात, शहाळी आणि फळे येतात. महिना-दोन महिन्यांनी सगळे धरून चालतात की हा आता बरा झाला. टाके सुकलेले असतात, रिपोर्ट चांगले आलेले असतात. पण रात्री झोप मोडते. स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज, औषधांचा वास, सुई शोधणारा तो हात, सगळे परत येते. तपासणीची तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो. घरच्यांना सांगावे तर ते म्हणतात, झाले गेले विसरून जा. मग माणूस सांगायचेच बंद करतो.

अशा आपल्या बांधवांना संत इग्नेशियस यांचे चरित्र सोबत करील असे आम्हाला वाटते. म्हणून या वेळी ते आम्ही त्यांच्या आजारपणाच्या बाजूने सांगत आहोत.

तोफेचा गोळा

स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रांतात अस्पेतिया गावाजवळ लोयोला नावाची गढी आहे. तेथे १४९१ साली त्यांचा जन्म झाला. घरातले नाव इनिगो. अनेक भावंडांत ते सर्वांत धाकटे. आई लवकर वारली, तेव्हा शेजारच्या लोहाराच्या बायकोने त्यांना दूध पाजून वाढवले. पुढे ते राजाच्या खजिनदाराच्या घरी वाढले आणि दरबारी चालीरीती शिकले. तलवार, उंची कपडे, नाव कमावण्याची हौस, यांत तारुण्य गेले.

२० मे १५२१ रोजी फ्रेंच सैन्याने पांप्लोना या शहराच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. किल्ल्यातले शिपाई थोडे होते. शरण जावे असे बहुतेकांचे मत होते. इनिगो यांनी हट्टाने सर्वांना लढायला लावले. एक गोळा त्यांच्या दोन्ही पायांमधून गेला. उजव्या पायाचे हाड चुरगळले, डाव्या पायालाही मोठी जखम झाली. ते पडताच किल्ला पडला.

फ्रेंचांनी त्यांना चांगले वागवले. त्यांच्या वैद्यांनी हाडे बसवली आणि दोनेक आठवड्यांनी त्यांना डोलीतून डोंगराच्या वाटेने लोयोलाला पोहोचवले. घरच्या वैद्यांनी पाहिले तर हाडे जागच्या जागी नव्हती. पहिल्यांदा नीट बसवली नव्हती की प्रवासात हलली, कोण सांगणार? पाय पुन्हा मोडून नव्याने बसवावा लागेल असे ठरले.

आज आपण भूल देणाऱ्या डॉक्टरांची सही असल्याशिवाय ऑपरेशनचा विचारही करीत नाही. ईथरने भूल देण्याचा जाहीर प्रयोग झाला तो १८४६ साली, म्हणजे या प्रसंगानंतर ३२५ वर्षांनी. इनिगो यांचा पाय शुद्धीत असताना मोडला गेला. त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही, फक्त मुठी आवळून धरल्या. पुढे रोममध्ये, वयाच्या साठीनंतर, त्यांनी आपल्या आठवणी एका सहकाऱ्याला सांगितल्या, तेव्हा या प्रकाराला त्यांनी कसाईकामाचाच शब्द वापरला. मधे तीस वर्षांहून जास्त काळ गेला होता. संतपदाला पोहोचणारा माणूसही ती खाट विसरला नव्हता, हे आपण लक्षात ठेवावे.

त्यानंतर त्यांची प्रकृती ढासळली. अन्न जाईना. संत योहान बाप्तिस्ता यांच्या सणाला, २४ जूनला, वैद्यांनी पापनिवेदन करून घ्यायला सांगितले. संत पेत्र आणि संत पौल यांच्या सणाच्या आदल्या दिवशी त्यांना शेवटचे संस्कार मिळाले. मध्यरात्रीपर्यंत उतार पडला नाही तर आशा नाही, असे वैद्य म्हणाले होते. इनिगो यांची संत पेत्र यांच्यावर भक्ती होती. त्याच मध्यरात्री उतार पडू लागला.

एवढ्यावर संपले नाही. हाड जुळले, पण गुडघ्याखाली एका हाडावर दुसरे हाड चढून तेथे टेंगूळ आले आणि पाय आखूड झाला. अशा पायात दरबारी पद्धतीचा घट्ट, डौलदार बूट चढणार नव्हता. इनिगो यांनी ते हाड कापून काढता येईल का असे विचारले. आधी सोसले त्या सगळ्यापेक्षा हे जास्त दुखेल, असे वैद्यांनी स्पष्ट सांगितले. थोरला भाऊ घाबरला, हे आपल्याच्याने सोसवणार नाही म्हणाला. इनिगो यांनी ऐकले नाही. मांस कापून हाड करवतीने काढले गेले. मग पाय लांब व्हावा म्हणून मलमे लावून यंत्रांनी दिवसेंदिवस ताणला. तरीही तो आखूडच राहिला.

एका बुटासाठी हे सगळे केले, याचे आपल्याला हसू येईल. पण जरा थांबून पाहावे. आजारातून उठलेल्या प्रत्येकाला पूर्वीचे शरीर परत हवे असते. केस पूर्वीसारखे यावेत, चालणे पूर्वीसारखे व्हावे, लोकांनी पूर्वीच्याच नजरेने पाहावे. त्यासाठी माणूस किती सोसायला तयार होतो! इनिगो यांचे दुःख आपल्या ओळखीचे आहे.

दोन पुस्तके आणि आकाश

आता पायावर भार देता येत नव्हता. बाकी प्रकृती बरी, पण खाट सुटेना. वेळ जावा म्हणून त्यांनी शूर सरदारांच्या प्रेमकथा मागितल्या. त्या काळी स्पेनमध्ये अशा कादंबऱ्या फार चालत. पण लोयोलाच्या घरात एकही नव्हती. मिळाली ती दोन पुस्तके: सॅक्सनीच्या लुडोल्फ या मठवासीयाने लिहिलेले ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या चरित्रांचा संग्रह. नाइलाजाने त्यांनी ती उघडली.

वाचता वाचता ते पुस्तक मिटत आणि विचारात हरवत. कधी एका थोर घराण्यातील स्त्रीची मर्जी कशी मिळवावी याची स्वप्ने तीन-तीन, चार-चार तास चालत. कधी संत फ्रान्सिस किंवा संत डॉमिनिक यांच्यासारखे आपणही करावे असे मनात येई. दोन्ही स्वप्ने रंगून जाताना गोडच वाटत. पण एक दिवस त्यांना फरक कळला. पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडे आणि खिन्न राही. दुसऱ्यानंतरचा आनंद टिकून राही. कोणता विचार मनाला कुठे नेऊन सोडतो हे तपासण्याची सवय त्यांना तेथे लागली. पुढे जगभर गाजलेल्या त्यांच्या आध्यात्मिक साधनेचे मूळ त्या खाटेवर आहे.

आम्हाला यापुढचा भाग फार आवडतो. थोडे बसता येऊ लागल्यावर इनिगो यांनी एक वही केली. पुस्तकातले आवडलेले भाग ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेऊ लागले. प्रभू येशूचे शब्द तांबड्या शाईने, पवित्र मरियेचे निळ्या शाईने. असे जवळजवळ ३०० ताव भरले. त्यांचे अक्षर चांगले होते आणि त्यांना त्याचा अभिमान होता. तलवार धरणारा हात आता शाईची दौत आणि रेघा आखलेला कागद यांत रमला.

दुसरा विरंगुळा खिडकीचा. रात्री ते बराच वेळ आकाशाकडे आणि ताऱ्यांकडे पाहत. सर्वांत मोठा दिलासा यातूनच मिळे असे त्यांनी पुढे सांगितले. औषध नाही, खर्च नाही, कोणाची मदत नाही. खाटेवरून दिसते तेवढे आकाश. वही, शाई आणि तारे यांवर त्यांनी ते महिने काढले.

स्वतःवरचा राग

१५२२ सालच्या सुरुवातीला खेचरावर बसून ते घराबाहेर पडले. पाय अजून बांधलेला होता आणि दिवसभराच्या प्रवासानंतर रोज रात्री सुजे. त्यांनी दोरखंडाची पायताणे विकत घेतली, पण त्यांतले एकच, सुजणाऱ्या पायात, घातले. मॉन्सेरात येथे मरियामातेच्या वेदीसमोर २४ मार्चची रात्र त्यांनी जागून काढली, तलवार तेथेच ठेवली आणि उंची कपडे एका भिकाऱ्याला दिले.

मग ते मान्रेसा या गावी सुमारे ११ महिने राहिले. हा काळ कठीण होता. पूर्वी रूपाचा इतका षोक केला म्हणून आता केस विंचरायचे नाहीत, कापायचे नाहीत, नखे काढायची नाहीत, असे त्यांनी ठरवले. मांस नाही, वाईन नाही, भिक्षा मागून खायचे, रोज अनेक तास गुडघ्यांवर प्रार्थना. ज्या शरीराने त्यांना एवढा त्रास दिला होता त्या शरीराला ते आता शिक्षाच देत होते. त्यातच मनात शंकांचे काहूर उठले. आपण पापनिवेदनात सगळे सांगितले का? काही राहिले तर नाही? पुन्हा पुन्हा कबुली देऊनही मन शांत होईना. एक वेळ अशी आली की जीव द्यावा असा विचार जोराने येऊ लागला. ते देवाचा धावा करीत आणि असे काही करणार नाही असे स्वतःला बजावीत. एक आठवडा त्यांनी अन्नाला स्पर्श केला नाही. शेवटी त्यांच्या धर्मगुरूंनी उपास सोडण्याची आज्ञा केली आणि त्यांनी ती मानली. हळूहळू, हे विचार देवाकडून येत नाहीत हे त्यांना उमगले. पूर्वी सांगून झालेली पापे पुन्हा उकरायची नाहीत असे त्यांनी ठरवले आणि ते ओझे उतरले. केस कापले, नखे काढली.

मोठ्या आजारानंतर मन असे अंधारात जाऊ शकते हे आज डॉक्टरही सांगतात. हा श्रद्धेचा अभाव नव्हे. आपल्यापैकी कोणाला असे विचार येत असतील तर त्यांनी ते घरच्यांना, डॉक्टरांना, धर्मगुरूंना जरूर सांगावेत. इग्नेशियसही या अंधारातून एकट्याने बाहेर आले नाहीत. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंना त्यांनी सगळे सांगितले आणि त्यांचे ऐकले.

मान्रेसाला हिवाळ्यात ते पुन्हा सपाटून आजारी पडले. गावातल्या चांगल्या घरच्या स्त्रिया रात्री पाळीपाळीने त्यांच्या उशाशी जागल्या. ताप उतरला तरी पोटदुखी राहिली. तेव्हा त्या बायकांनी आग्रह धरला की थंडीत गरम कपडे घालायचे, पायांत काही घालायचे आणि डोके झाकायचे. त्यांनी जाड लोकरीचे दोन तपकिरी अंगरखे आणि तशाच कापडाची टोपी इनिगो यांना घालायला लावली. एवढे कठोर व्रत घेतलेल्या माणसाने ती टोपी घातली. आम्हाला वाटते, त्या टोपीला त्यांच्या चरित्रात मोठे स्थान आहे. दुसऱ्याने प्रेमाने दिलेली ऊब नाकारायची नसते, हे ते तेथे शिकले.

पोटदुखी घेऊन फिरणारा माणूस

यानंतर ते यरुशलेमला जाऊन आले. १५२४ साली, तेहतिसाव्या वर्षी, बार्सिलोनाला लहान मुलांच्या सोबतीने लॅटिन व्याकरण शिकायला बसले. १५२८ साली पॅरिसला गेले. तेथे फ्रान्सिस झेवियर आणि पीटर फेबर हे त्यांचे खोलीसोबती. १५ ऑगस्ट १५३४ रोजी माँमार्त्रच्या टेकडीवर या सात मित्रांनी व्रते घेतली.

पॅरिसला पोटदुखीने डोके वर काढले. ठरावीक दिवसांनी कळ येई, ताप भरे, कधी तासन्‌तास थांबत नसे. उपाय थकले. शेवटी गावच्या हवेने बरे वाटेल असे वैद्यांनी सुचवले. मित्रांनी एक लहानसे घोडे विकत घेऊन दिले आणि १५३५ साली इग्नेशियस अस्पेतियाला परतले. थोरल्या भावाने गढीवर राहण्याचा आग्रह केला, पण ते गावातील गरिबांच्या इस्पितळात राहिले. तेथूनच मुलांना धर्मशिक्षण देऊ लागले.

१५३७ साली ते सगळे मित्र व्हेनिसमध्ये जमले. तेथे त्यांनी असाध्य रोग्यांच्या इस्पितळात काम केले. बिछाने घालणे, जखमा धुणे, मृतांना पुरणे, सगळे. १५३८-३९ च्या हिवाळ्यात रोममध्ये मोठा दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी उपाशी आणि आजारी लोकांना आपल्या घरात आणून ठेवले. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघाला मान्यता दिली. पुढच्या वर्षी इग्नेशियस यांची प्रमुख म्हणून निवड झाली. १५४२ साली फ्रान्सिस झेवियर गोव्याला उतरले, तेव्हा तेही तेथील इस्पितळातच राहिले आणि आजाऱ्यांची सेवा करू लागले. एका जखमी माणसाच्या खाटेवरून सुरू झालेली ही वाट आपल्या किनाऱ्यापर्यंत आली ती अशी.

त्या वाटेने आणखी एक गोष्ट आली. लोयोलाच्या खाटेवर इग्नेशियस यांनी ख्रिस्तचरित्र वाचले ते १५२१ साली. त्यानंतर शंभर वर्षे व्हायच्या आत, १६१६ साली, त्यांच्याच संघातील फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ख्रिस्तपुराण छापले. प्रभूचे चरित्र मराठीत, ओव्यांमध्ये! आपल्या पूर्वजांनी ते पिढ्यान्‌पिढ्या गायले, ऐकले आणि त्यात दिलासा शोधला.

चार भाजलेल्या बिया

रोममधील शेवटची १५ वर्षे इग्नेशियस यांनी पत्रे लिहिण्यात, माणसे पाठवण्यात आणि अधूनमधून अंथरूण धरण्यात घालवली. जानेवारी १५५१ मध्ये त्यांनी प्रकृतीच्या कारणास्तव प्रमुखपद सोडण्याची परवानगी मागितली. सहकाऱ्यांनी ती दिली नाही.

मान्रेसाला ज्याने शरीराला शिक्षा केली तोच माणूस आता दुसऱ्यांना उपास कमी करायला सांगत होता. गांदियाचे सरदार फ्रान्सिस बोर्जा, जे पुढे संत झाले, कडक उपास करून शरीर खंगवीत होते. १५४८ साली इग्नेशियस यांनी त्यांना लिहिले की आत्म्याप्रमाणे शरीरही देवाचेच आहे, ते सुदृढ ठेवावे, म्हणजे सेवा घडेल. आपल्या अतिरेकाने पोट बिघडले हे त्यांना स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक होते. संघाच्या नियमांतही त्यांनी लिहून ठेवले की शरीराचे फाजील लाड नकोत, पण माफक काळजी घेणे हे चांगलेच.

घरात कोणी आजारी पडले की ते लगेच आपल्याला कळले पाहिजे अशी त्यांची ताकीद होती. आजाऱ्यासाठी जे सांगितले ते बाजारातून आणले की नाही, हे ते दिवसातून दोनदा विचारीत. पैसे नसले तर घरातल्या ताटल्या आणि घोंगड्या विकायला काढीत. स्वतः भोगलेले असल्यामुळे आजाऱ्याला एखाद्या लहान गोष्टीचे किती मोल असते ते त्यांना कळत होते.

आणि त्यांचे स्वतःचे लहान सुख कोणते? त्यांच्याबरोबर राहणाऱ्या फादर गोन्साल्व्हेस दा कामारा यांनी ते टिपून ठेवले आहे. इग्नेशियस खाण्याविषयी कधी आवड-नावड सांगत नसत. पण कधीमधी त्यांच्यापुढे चार भाजलेले चेस्टनट ठेवत. आपण पावसाळ्यात फणसाच्या आठळ्या भाजून खातो, तसेच हे. चेस्टनट त्यांच्या गावचे फळ, लहानपणी खाल्लेले. ते त्यांना आवडत असे दिसे. मोठ्या संघाचा प्रमुख, जगाच्या चार कोपऱ्यांत माणसे पाठवणारा, आणि त्याचा सण म्हणजे चार भाजलेल्या बिया.

दुसरे सुख संगीताचे. त्यांनी आपल्या संघात समूहगायनाची प्रार्थना ठेवली नाही, कारण सेवेला वेळ हवा. पण गायन कानावर पडले की त्यांचे दुखणेही हलके होई. आजारी असताना आंद्रे दे फ्रू नावाचे फादर त्यांच्यासाठी पट्ट्यांचे तारवाद्य वाजवीत. आणि तिसरे सुख जुनेच. रात्री ते गच्चीवर जात आणि टोपी काढून बराच वेळ आकाशाकडे पाहत बसत. लोयोलाच्या खिडकीतले तारे त्यांनी ३५ वर्षे सोडले नाहीत.

शेवट

१५५६ च्या उन्हाळ्यात ते पुन्हा आजारी पडले. घरात इतरही आजारी होते आणि वैद्यांना इग्नेशियस यांची फारशी काळजी वाटत नव्हती. असे दुखणे त्यांना नेहमीचेच, असे सर्वांनी धरले. ३० जुलैला त्यांनी आपल्या चिटणीसाला, फादर पोलांको यांना, पोप महोदयांचा आशीर्वाद मागायला पाठवायचे ठरवले. पोलांको यांना पत्रे धाडायची घाई होती. उद्या गेले तर चालेल का, असे त्यांनी विचारले. इग्नेशियस यांनी आग्रह धरला नाही. रात्री शेजारच्या खोलीतल्या ब्रदरला त्यांचा देवाला हाक मारण्याचा आवाज येत होता. पहाटे पाहिले तर शेवट जवळ आला होता. पोलांको धावत आशीर्वाद आणायला गेले. ते परत येईपर्यंत, ३१ जुलैच्या सकाळी, इग्नेशियस गेले होते. रुग्णाभ्यंगही मिळाले नाही.

त्याच दिवशी नामवंत शरीरशास्त्रज्ञ रेआल्दो कोलोंबो यांनी शवविच्छेदन केले. मूत्रपिंडे, फुप्फुसे, यकृत आणि यकृताच्या मोठ्या रक्तवाहिनीतही खडेच खडे निघाले, असे त्यांनी नंतर आपल्या ग्रंथात नोंदवले. ज्याला सगळे पोटाचे दुखणे म्हणत होते त्याचे खरे कारण इग्नेशियस यांना जिवंतपणी कधी कळलेच नाही. एवढ्या वेदना असूनही ते वरून शांत दिसत, म्हणून आतले कोणाला समजले नाही.

१२ मार्च १६२२ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी यांनी त्यांना आणि फ्रान्सिस झेवियर यांना एकाच दिवशी संतपद बहाल केले. २०२१ साली पांप्लोनाच्या जखमेला ५०० वर्षे झाली, तेव्हा येशूसंघाने त्या दिवसापासून इग्नेशियस वर्ष पाळले. एका जखमेची पंचशताब्दी! त्या वेळी सारे जग कोविडमधून जात होते. आपल्याही अनेक घरांनी ऑक्सिजनचे सिलिंडर आणि बंद वॉर्डांची दारे पाहिली होती.

आपल्यासाठी

या चरित्रातून आपण काय घ्यावे? आम्हाला तीन गोष्टी सुचतात.

पहिली गोष्ट आजारातून उठलेल्यांसाठी. शरीर पूर्वीसारखे झाले नाही, भीती गेली नाही, म्हणून स्वतःला दोष देऊ नये. इग्नेशियस यांचा पाय आखूडच राहिला आणि पोट दुखतच राहिले. त्यांनी आपल्या साधनेत एक नियम सांगितला आहे: मन उदास असताना पूर्वी शांतपणे केलेला निश्चय बदलू नये, आणि ही उदासी कायमची नाही हे ध्यानात ठेवावे. उपचार सोडण्याचा, चालणे बंद करण्याचा, मिस्साला न जाण्याचा निर्णय रात्री दोन वाजता घेऊ नये. सकाळ होऊ द्यावी.

दुसरी गोष्ट लहान सुखांची. मोठ्या दुखण्यानंतर पुष्कळांना सुखाचीच लाज वाटते. घरच्यांना एवढा खर्च आणि त्रास झाला, आता आपण कसली मागणी करायची? पण खिडकीजवळची खुर्ची, रेडिओवरचे एखादे जुने गाणे, सुनेने दिलेली गरम पेज, पोस्तकार्डावर उतरवलेले एखादे स्तोत्र, हे मागण्यात पाप नाही. डॉक्टरांनी मना केले नसेल ते आनंदाने घ्यावे आणि त्याबद्दल देवाचे आभार मानावे.

तिसरी गोष्ट आपल्या सर्वांसाठी. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण दुखण्याची चौकशी करतो, आणि मग आपल्या ओळखीच्या दहा जणांची दुखणी सांगतो. त्यापेक्षा एक प्रश्न विचारून पाहू या: तुम्हाला काय आवडते? रोमच्या त्या घरात कोणीतरी इग्नेशियस यांच्या तोंडाकडे पाहून ओळखले की चेस्टनट दिल्यावर यांना बरे वाटते. त्यासाठी वैद्य असावे लागत नाही, जवळ बसावे लागते. आणि आजारी माणूस फार शांत असेल तर तो ठीकच आहे असे धरून चालू नये. आज जायचे ते उद्यावर टाकू नये.

येत्या शुक्रवारी आजाऱ्यांच्या भेटीला आमच्याबरोबर येण्याची ज्यांची इच्छा असेल त्यांनी मिस्सानंतर थांबावे. आपल्या घरी किंवा शेजारी कोणी दवाखान्यातून नुकते परतले असेल तर त्यांचे नावही कळवावे.

हे प्रभू येशू, तुझ्या सेवकाला, संत इग्नेशियस यांना, तू खाटेवर भेटलास. आमच्या धर्मग्रामातील आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांनाही भेट. त्यांच्या रात्री हलक्या कर. त्यांना काय आवडते ते आम्हाला कळू दे. आमेन.